खानदेशाचें बंदर आणि चढता समुद्र

धुळें-जळगांवकडील घरांत समुद्राचा विषय निघतो तो बहुधा सहलीच्या निमित्तानें. सह्याद्रीच्या पूर्वेस राहणाऱ्यास भरती-ओहोटीशीं काय कर्तव्य, असें कोणासहि वाटावें. परंतु रावेर-यावलचीं केळीं आणि खानदेशांतील कापसाच्या गाठी परदेशीं जातात त्या बंदराच्या वाटेनेंच. बंदर चार दिवस बंद पडलें तर त्याची झळ धक्क्यावरील मजुराप्रमाणेंच तापीकांठच्या शेतकऱ्यासहि लागते. म्हणून हवामान पालटत असतां बंदरांनीं टिकाव कसा धरावा, हा प्रश्न खानदेशाच्या घरचाच आहे.

बंदर हातचें जाणें म्हणजे काय, याचा अनुभव या प्रांतानें एकदां घेतलेला आहे. मुंबईचा उदय होण्यापूर्वीं खानदेशाचें बंदर सुरत हें होतें. बऱ्हाणपूरचें कापड बैलांच्या पाठीवर लादून तापीच्या खोऱ्यांतून सुरतेस उतरत असे. इंग्रजांनीं १६१३ सालीं तेथें वखार घातली, ती याच व्यापारावर डोळा ठेवून. परंतु तापीनें वाहून आणलेल्या गाळानें नदीचें मुख उथळ झालें. मोठीं जहाजें शहरापर्यंत न येतां सुवालीस नांगर टाकीत. अठराव्या शतकांतील राजकीय धामधुमीला या अडचणीची जोड मिळाली आणि व्यापार हळूहळू मुंबईकडे वळला. पुढें १८६५ सालीं थळघाटांतून आगगाडी धांवूं लागली व खानदेशचा कापूस थेट मुंबईच्या धक्क्यावर पोंचूं लागला. आज मुंबईच्या खाडीपलीकडील न्हावा-शेवा हें १९८९ सालीं सुरू झालेलें बंदर त्याचें मुख्य दार आहे.

सुरतेस गाळ नडला; आज प्रश्न पाण्याच्या उंचीचा आहे. तापलेलें पाणी प्रसरण पावतें आणि जमिनीवरील बर्फ वितळून समुद्रास मिळतें. या दोन कारणांनीं १९०१ पासून २०१८ पर्यंत जगांतील समुद्राची सरासरी पातळी सुमारें २० सेंटिमीटर, म्हणजे जवळजवळ एक वीत वाढली. २००६ ते २०१८ या काळांत वाढीचा वेग वर्षास ३.७ मिलिमीटर इतका होता. हा आंकडा क्षुल्लक दिसतो. पण मुंबईस उधाणाच्या भरतीचें पाणी मुळांतच साडेचार मीटरांच्या वर चढतें. त्या भरतीवर ही वीत चढते, आणि वादळानें किनाऱ्याकडे लोटलेलें पाणी त्या वितीवर स्वार होतें. शिवाय बाहेरचें पाणी उंच झालें कीं आंतलें पावसाचें पाणी गटारांतून समुद्रांत उतरत नाहीं. तेव्हां धक्का समुद्रानें बुडाला नाहीं तरी पावसानें बुडूं शकतो.

वादळांचा धोकाहि वाढला आहे. अरबी समुद्र पूर्वींपेक्षां उबदार झाला असून वादळांस बळ मिळतें तें अशाच पाण्यापासून. ९ जून १९९८ च्या वादळानें कच्छांतील कांडला बंदराची दैना उडाली आणि शेंकडों माणसें प्राणांस मुकलीं. ३ जून २०२० रोजीं ‘निसर्ग’ हें वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलें. १७ मे २०२१ रोजीं ‘तौक्ते’ मुंबईजवळून गेलें, तेव्हां कुलाब्यास वाऱ्याचा वेग ताशीं शंभर किलोमीटरांच्या वर गेला व बंदराचें कामकाज थांबवावें लागलें.

अशा वेळीं खानदेशच्या मालाचें काय होतें? निर्यातीचें केळें हिरवें असतांना सुमारें १३ ते १४ अंश तपमानांत ठेवावें लागतें. त्याहून फार गारठलें तर तें काळवंडतें, उष्णता लागली तर वाटेंतच पिकतें. थंड कंटेनर धक्क्यावर उभा असतां त्यास सतत वीज लागते. वीज गेली कीं महिन्यांच्या मेहनतीचें फळ कांहीं दिवसांत मातीमोल होतें. म्हणून बंदराचें रक्षण म्हणजे केवळ लाटांपुढें भिंत उभारणें नव्हे. विजेचीं उपकेंद्रें, पंप आणि नियंत्रणाच्या खोल्या प्रथम उंचावर नेल्या पाहिजेत. वादळाची सूचना मिळतांच क्रेन जखडून टाकणें, कंटेनरांच्या उंच उतरंडी कमी करणें आणि जहाजें सुरक्षित जागीं हलविणें, यांची तालीम आधींच झालेली असावी. खाडीकांठच्या तिवरांचें रान राखलें पाहिजे. तें लाटांचा जोर मोडतें आणि गाळ धरून ठेवतें. आणि बंदर शाबूत राहूनहि घाटांतील वाट तुटली तर उपयोग काय? जुलै २०२१ च्या अतिवृष्टींत कसारा घाटांतील रेल्वेवाहतूक बंद पडली होती.

हॉलंडमधील रॉटरडॅमची व्यवस्था येथें पाहण्यासारखी आहे. शहराकडे येणाऱ्या जलमार्गावर १९९७ सालीं दोन प्रचंड फिरतीं दारें बसविण्यांत आलीं. एरव्हीं तीं उघडीं असतात आणि जहाजें ये-जा करतात. पाणी ठराविक मर्यादेपलीकडे चढणार असें दिसतांच तीं मिटतात. नवे धक्के मात्र दारांबाहेर, समुद्रांत भर घालून केलेल्या उंच जमिनीवर आहेत. जुन्यास दार आणि नव्यास उंची, असा हा विचार आहे.

महाराष्ट्रांत हाच विचार आतां करावयाचा आहे. डहाणूजवळ वाढवण येथें ३० ऑगस्ट २०२४ रोजीं नव्या बंदराची पायाभरणी झाली. मासेमारीवर पोट असणाऱ्या तेथील कोळ्यांनीं त्यास विरोध केला आहे, व त्यांच्या उपजीविकेचा प्रश्न लहान नाहीं. बंदर बांधावयाचेंच तर तें आजच्या नव्हे, पुढील पिढ्यांच्या समुद्राच्या मापानें बांधावें लागेल. मुंबईची प्रिन्सेस गोदी १८८० सालीं सुरू झाली. बंदराचें आयुष्य असें मोठें असतें. उष्णता वाढविणाऱ्या वायूंचें प्रमाण फार चढलें, तर २१०० पर्यंत समुद्र ६३ सेंटिमीटरांपासून एक मीटरपर्यंत चढेल, असें शास्त्रज्ञांचें अनुमान आहे. धक्का आरंभींच उंच करण्यास जो खर्च येतो, त्याहून तो मागाहून उचलण्यास पुष्कळच अधिक येतो.

खानदेशानेंहि स्वस्थ बसून चालणार नाहीं. गांवोगांवीं शीतगृहें असलीं तर बंदर बंद असतां फळ चार दिवस थांबूं शकेल. वादळाची वार्ता बंदरावरून केळीच्या बागेपर्यंत त्याच दिवशीं पोंचली तर घड कापण्याचा दिवस पुढें ढकलतां येईल. सुरत गेली तेव्हां व्यापाऱ्यास मुंबई मिळाली. चढत्या समुद्रापुढें मात्र एक बंदर सोडून दुसरें धरण्यानें सुटका होत नाहीं, कारण सर्व बंदरें त्याच समुद्राच्या कांठीं आहेत.