बेअरिंगचा गाडा

जुन्या मोटारी उघड्याबोडक्या करून भरधांव पळविण्याचा नाद अमेरिकेंतील तरुणांस एके काळीं फार लागला होता. कॅलिफोर्नियांत म्युरॉक येथें एका कोरड्या सरोवराचा सपाट तळ आहे, तेथें ही मंडळी शर्यती लावीत. १९३७ सालीं तर त्यांच्या निरनिराळ्या मंडळांनीं मिळून रीतसर संस्थाच काढली. फोर्ड कंपनीची १९३२ सालची आठ सिलिंडरांची मोटार त्यांस विशेष प्रिय. ती जुनी झाली कीं स्वस्तांत मिळे. मग मडगार्ड काढावे, टप काढावा, वेगाच्या आड येईल तें तें उतरवावें आणि भंगारांतले सुटे भाग आणून बसवावे, असा त्यांचा खाक्या. अशा मोटारीस तिकडे ‘हॉट रॉड’ म्हणतात. हा वृत्तांत वाचतांना आम्हांस वारंवार हंसूं येत होतें. कारण नांव ठाऊक नसतांही हाच उद्योग आम्हीं बीडजवळच्या पालीस केला होता. मोटार तेवढी आमच्यापाशीं नव्हती.

तें साल १९७२. मराठवाड्यांत दुष्काळ, जागोजागीं सरकारी कामावर खडी फोडली जात होती. आमच्या वाड्यांत लहानमोठीं सतरा माणसें, आणि मिळकत म्हणजे आजोबांची कोरडवाहू जमीन व काकांची मास्तरकी. खेळासाठीं पैसे मागावे हें आम्हां मुलांच्या मनांतही आलें नाहीं. पण बीडहून सोलापुराकडे जाणारा रस्ता पाली सोडल्यावर मांजरसुंब्याच्या घाटास लागतो, आणि जो जातांना चढ तोच येतांना उतार, हा शोध आम्हां तिघां चुलतभावांस त्या उन्हाळ्यांत लागला.

बीडच्या एका गॅरेजांत ट्रकचीं निकामी बेअरिंगें पडलेलीं असत. तेथल्या मिस्त्रीनें तीन बेअरिंगें दीड रुपयास दिलीं. त्यांतलें एक जाम झालेलें. तें रात्रभर रॉकेलमध्यें भिजवून, काडीनें मळ उकरून, एरंडेल सोडतांच असें मोकळें झालें कीं, एकदां टिचकी मारली म्हणजे आजोबांचीं आचमनें आटोपेपर्यंत फिरत राही. माळवदावर जुन्या दाराची फळी होती, ती बैठक झाली. सुतारानें बाभळीच्या आंसाचीं टोंकें तासून दोन बेअरिंगें मागें ठोकून दिलीं; मजुरीबद्दल आम्हीं त्याचें अंगण झाडलें व ढलप्या भरून ठेविल्या.

अडलें तें पुढच्या चाकापाशीं. गाडा वळावयाचा तर पुढचें दांडकें वळलें पाहिजे, व त्यासाठीं फळी आणि दांडकें यांतून आरपार जाणारी जाड, गोल लोखंडी खीळ हवी. साधे खिळे दोन वेळां वांकले. दुकानांत बोल्टाची किंमत ऐकून आम्ही मुकाट्यानें परत आलों. मग थोरल्याची नजर वाड्यांतल्या आडाच्या कप्पीवर गेली. कप्पीची खीळ नेमकी तशीच होती! सकाळचें पाणी भरून झालें होतें. सांजेपूर्वीं जेथल्या तेथें ठेवूं, असें ठरलें.

पहिला मान अर्थात् थोरल्याचा. डांबरी रस्त्यावर उघड्या लोखंडाचा असा खणखणाट झाला कीं, खडी फोडणारीं माणसें हातोडे थांबवून पाहूं लागलीं. बैलगाडीच्या मोठ्या चाकाला लहानसा खडा जाणवतही नाहीं. पण चार बोटें उंचीच्या बेअरिंगला तोच खडा भिंतीसारखा. रस्त्यावर आलेली थोडी सुटी खडी आम्हांस पुरली. थोरल्याचीं कोपरें फुटलीं, पुढचें बेअरिंग फुटलें, आणि खीळ विळ्यासारखी वांकली. ती आम्हीं गवतांत लपविली व घरीं कोणास सांगितलें नाहीं.

सांगली जिल्ह्यांतील देवराष्ट्रे येथल्या दत्तात्रय लोहार यांनीं भंगारांतून सुमारें ६०,००० रुपयांत एक छोटी मोटार बनविली, तिला दुचाकीसारखी लाथ मारून चालूं करण्याची सोय केली, आणि २०२२ च्या जानेवारींत आनंद महिंद्रा यांच्याकडून तिच्या मोबदल्यांत त्यांस नवी बोलेरो मिळाली, हें वाचकांस आठवत असेल. त्यांचा खर्च वर्तमानपत्रांतून सर्वांस कळला. आमचा खर्च कोणी भरला तें आम्हांस दुसऱ्या दिवशीं कळलें.

आडाला दोन परस पाणी उरलें होतें, आणि रात्रीं पाझरलेलें तेवढें थोरली काकू पहाटे काढी. त्या पहाटे कप्पी खालीं पडलेली पाहून तिनें दोर दगडी कांठावरूनच ओढला व दहा घागरी भरल्या. बोलली कोणाला कांहीं नाहीं. तळहातांना हळद लावून ती भाकरी थापावयास बसली, आणि पहिल्याच थापेस हात झटकून तिनें डोळे मिटले. थोरला उठून सरळ आजोबांपुढें जाऊन उभा राहिला.

लोहारानें खीळ भात्यावर तापवून सरळ केली. त्याचे आठ आणे काकूनेंच आपल्या डब्यांतून दिले, हें आम्हांस अद्याप लागून राहिलें आहे. पुढें पाऊस पडेपर्यंत पाणी आम्हीं तिघांनीं काढलें. थोरल्यानें गाडा मोडला, उरलेलीं दोन बेअरिंगें सुताराकडून कप्पीच्या पोटांत पाचर मारून बसवून आणलीं, आणि घागर पुष्कळच हलकी येऊं लागली. मात्र कप्पीची करकर थांबल्यामुळें पहाटे आडावर कोण आहे हें घरांत कळेनासें झालें, ही काकूची तक्रार पुष्कळ वर्षें चालूं होती.