घरातील भिंतींवरील ओलीचे डाग : कारणमीमांसा, निदान व दुरुस्ती

प्रस्तावना :
महाराष्ट्रातील अनेक घरांत आषाढ-श्रावणात भिंतींवर पिवळसर-तपकिरी डाग उमटतात, दिवाळीपूर्वी त्यांवर रंगाचा हात फिरविला जातो आणि पुढील पावसाळ्यात ते त्याच जागी पुन्हा प्रकट होतात. या वार्षिक क्रमात पैसा खर्च होतोच. परंतु त्याहून गंभीर बाब अशी की, डाग झाकला गेल्याने त्यामागील बिघाड दृष्टीआड होतो व वाढत राहतो. प्रस्तुत लेखात डाग कसा निर्माण होतो, पाण्याचा उगम कसा ओळखावा, घरगुती पातळीवर दुरुस्ती कोणत्या क्रमाने करावी आणि कोणत्या टप्प्यावर तज्ज्ञाकडे जावे, याचे विवेचन करण्यात आले आहे.

डागाची निर्मिती :
वीट, गिलावा व काँक्रीट हे सच्छिद्र पदार्थ आहेत. त्यांतील सूक्ष्म नलिकांतून केशाकर्षणाने पाणी पसरते व वाटेतील क्षार, लोहसंयुगे, धूळ आणि जुन्या रंगातील विद्राव्य द्रव्ये बरोबर घेऊन येते. पृष्ठभागाशी आल्यावर पाण्याची वाफ होते, द्रव्ये मात्र तेथेच राहतात. ओलसर भागाच्या कडेला बाष्पीभवन अधिक वेगाने होत असल्याने तेथे संचय जास्त होतो. म्हणून डागाची किनार मध्यभागापेक्षा गडद दिसते. कॉफीच्या वाळलेल्या थेंबाभोवती वलय का उमटते, याचे स्पष्टीकरण शिकागो विद्यापीठातील संशोधकांनी १९९७ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात मांडले होते. भिंतीतील प्रक्रिया अधिक गुंतागुंतीची असली, तरी कडेकडे वाहणारा द्रव व तेथील बाष्पीभवन हे सूत्र दोन्हीकडे समान आहे. एकात एक अशी अनेक वलये दिसल्यास पाणी वेगवेगळ्या वेळी येऊन गेले, असे अनुमान करता येते.

डागातील द्रव्ये पाण्यात विरघळणारी असल्यामुळेच त्यावर थेट इमल्शन रंग लावणे व्यर्थ ठरते. इमल्शन हा पाण्यावर आधारित रंग आहे. त्यातील पाणी डाग पुन्हा विरघळविते आणि रंग वाळताना तो नव्या थरातून वर येतो.

पांढऱ्या पिठासारखा थर, म्हणजे लोणा, हा याच प्रक्रियेचा दुसरा प्रकार होय. त्यात बहुधा सोडियम, मॅग्नेशियम किंवा कॅल्शियम यांचे सल्फेट आढळतात. निर्जल सोडियम सल्फेट ओलाव्यात पाण्याचे १० रेणू धारण करते तेव्हा त्याचे आकारमान तिपटीहून अधिक वाढते. हा दाब गिलाव्याच्या छिद्रांत निर्माण झाल्याने रंगाचे पापुद्रे सुटतात व गिलावा भुसभुशीत होतो.

उगमाचे निदान :
डागाची जागा व तो वाढण्याचा काळ या दोन गोष्टींवरून उगमाचा बराच अंदाज बांधता येतो.
१) केवळ पावसाळ्यात बाह्य भिंतीवर किंवा खिडकीच्या कोपऱ्यांत डाग येत असल्यास बाहेरील गिलाव्यातील भेगा, सज्जा किंवा चौकटीची सांध तपासावी.
२) वरच्या मजल्यावरील छतास पावसात ओल येत असल्यास गच्चीचा उतार, पाणी वाहून नेणाऱ्या नळांची तोंडे व कठड्याची सांध संशयास्पद ठरते.
३) बाराही महिने टिकणारी ओल न्हाणीघराच्या मागे किंवा खाली असल्यास नळजोडणी, न्हाणी ट्रॅप किंवा फरशांच्या सांधी गळत असण्याची शक्यता असते.
४) तळमजल्यावर जोत्यापासून सुमारे एक मीटर उंचीपर्यंतचा पट्टा ओलरोधक थराचा अभाव सुचवितो.
५) कपाटामागील थंड कोपऱ्यातील काळे ठिपके बहुधा हवेतील बाष्प साचून वाढलेल्या बुरशीचे असतात.

शंका असल्यास प्लॅस्टिकचा जाड तुकडा चारही कडांनी चिकटपट्टीने भिंतीस लावून एक-दोन दिवस ठेवावा. भिंतीकडील बाजूस थेंब जमल्यास ओल भिंतीतून येत आहे आणि खोलीकडील बाजूस जमल्यास ती हवेतील आहे, असे समजावे. सदनिकांमध्ये वरच्या व खालच्या रहिवाशांत गळतीवरून वितुष्ट येते, ते पुष्कळदा निदानापूर्वीच दोषारोप झाल्यामुळे. वरच्या न्हाणीघरात दोघांच्या समक्ष रंगीत पाणी साठवून केलेली चाचणी असा वाद बऱ्याच अंशी मिटवू शकते.

दुरुस्तीची कार्यपद्धती :
प्रथम पाण्याची वाट बंद करावी. त्यानंतर भिंत पूर्ण वाळू द्यावी. हा सर्वाधिक दुर्लक्षिला जाणारा टप्पा आहे. मुरलेली ओल जाण्यास काही आठवडे लागू शकतात, म्हणून गळती पावसाळ्यापूर्वी रोखावी व रंगकाम हिवाळ्यात करावे.

लोणा कोरड्या ब्रशाने झाडून गोळा करावा. पाण्याने धुतल्यास क्षार पुन्हा आत जातात. बुरशी असल्यास सोडियम हायपोक्लोराइटचे सौम्य द्रावण लावून नंतर पुसून घ्यावे. हे द्रावण शौचालय स्वच्छ करण्याच्या आम्लाशी वा अमोनियाशी कदापि मिसळू नये, कारण त्यातून विषारी वायू बाहेर पडतात.

सुटलेला रंग व भुसभुशीत गिलावा घट्ट भागापर्यंत खरवडावा. नवा गिलावा केल्यास त्यावर किमान सात दिवस पाणी मारून तो सुमारे चार आठवडे सुकू द्यावा. पुट्टी व्हाइट सिमेंटची असावी. प्लॅस्टर ऑफ पॅरिसपासून तयार होणारे जिप्सम पाण्यात अल्प प्रमाणात विरघळते, त्यामुळे ओलीच्या जागी ते टिकत नाही. पॉलिश पेपरने घासल्यावर डागावर सॉल्व्हंटवर आधारित किंवा लाखेपासून केलेल्या शेलॅकचा प्रायमर लावावा. पाण्यात न विरघळणारा हा थर डाग खालीच रोखून धरतो. त्यावर इमल्शनचे दोन हात पुरेसे होतात. मात्र भिंत ओली असताना हा प्रायमर लावल्यास आतील बाष्प कोंडून फुगे येतात.

दक्षता व मर्यादा :
ओल विजेच्या बोर्डाजवळ असल्यास मुख्य स्विच बंद करून वीजतंत्रीस बोलवावे. घरगुती रंगांतील शिशाची मर्यादा ९० पीपीएम ठेवणारे नियम भारतात २०१६ मध्ये झाले व १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाले. त्यापूर्वीचे थर कोरडे घासू नयेत. ते ओले करून, मुखपट्टी बांधून व मुलांना दूर ठेवून काढावेत. ओलसर घरे व बुरशी यांचा दमा आणि श्वसनविकारांशी असलेला संबंध जागतिक आरोग्य संघटनेने २००९ च्या मार्गदर्शक तत्त्वांत नोंदविला आहे.

छतावर सरळ रेषेत लालसर डाग व त्यालगत भेग दिसल्यास मात्र घरगुती उपाय थांबवावेत. ही आतील सळया गंजल्याची खूण असू शकते. गंजाचे आकारमान मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक असल्याने काँक्रीट फुटून त्याचे तुकडे खाली कोसळतात. अशा वेळी संरचना अभियंत्याकडून तपासणी करून घेणे अपरिहार्य आहे. मुंबईत ३० वर्षांहून जुन्या इमारतींसाठी मुंबई महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ३५३ ब अन्वये अशी तपासणी बंधनकारक आहे.

निष्कर्ष :
उगम शोधणे, पाणी रोखणे, भिंत सुकविणे, डाग बंदिस्त करणे व शेवटी रंग देणे, हा क्रम उलटविल्यास प्रत्येक टप्प्यावरील श्रम वाया जातात. डाग पुसण्यापूर्वी त्याचे छायाचित्र काढून तारीख लिहून ठेवावी. पुढील पावसाळ्यात केलेली दुरुस्ती यशस्वी झाली की नाही, हे ठरविण्यास तोच पुरावा उपयोगी पडतो.