चल सहगुणकांची असमघाती समीकरणे आणि ध्वनिमार्गातील उगमस्थान

घर्षक व्यंजनाचा ध्वनिवर्णपट वाचणाऱ्या अभ्यासकापुढे दोन प्रश्न असतात: ध्वनी ज्या नळीतून बाहेर पडला तिचा आकार कसा होता, आणि त्या नळीत तो कोणत्या ठिकाणी उत्पन्न झाला? स्वरांच्या बाबतीत दुसरा प्रश्न सहसा विचारावा लागत नाही, कारण तेथे उगम कंठद्वारापाशीच असतो. ‘स’ आणि ‘श’ यांच्या बाबतीत मात्र तो टाळता येत नाही. गणिताच्या परिभाषेत पहिला प्रश्न विकलक समीकरणाच्या चल सहगुणकांचा आहे, तर दुसरा त्याच्या उजव्या बाजूचा, म्हणजे असमघातीपणाचा. भाषाविज्ञानाच्या विद्यार्थ्याला सांधेल अशा रीतीने ही समीकरणे सोडविण्याची पद्धती मांडणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१. संज्ञांविषयी

‘समघाती’ या शब्दातील ‘घात’ हा अज्ञात फलाचा व त्याच्या विकलजांचा घात होय. पुढील समीकरण घ्यावे:

य″ + ग य′ + घ य = र

येथे य हे क्षचे अज्ञात फल असून ग, घ व र ही क्षची ज्ञात फले आहेत. डाव्या बाजूच्या प्रत्येक पदात य किंवा त्याचे विकलज एकदाच येते. र या पदात ते मुळीच येत नाही. र शून्य असेल तर सर्व पदांचा घात सारखा राहतो व समीकरण समघाती होते. र शून्य नसेल तर ते असमघाती ठरते. ग आणि घ क्षप्रमाणे बदलत असतील, तर त्यांना चल सहगुणक म्हणावे.

सहगुणक अचल असताना घातांकी फल गृहीत धरून समघाती समीकरणाची उत्तरे तत्काळ मिळतात. चल सहगुणकांसाठी असा सर्वसाधारण राजमार्ग नाही. कधी योग्य आदेशन सापडते, कधी घातश्रेणीचा आश्रय करावा लागतो, तर कधी केवळ अंकीय गणनाच शक्य असते. परंतु समघाती समीकरणाची दोन स्वतंत्र उत्तरे एकदा हाती आली, की असमघाती समीकरण सोडविण्याचा मार्ग निश्चित आहे. ऑयलर व लाग्रांज यांनी अठराव्या शतकात ग्रहगतीतील विचलनांचा विचार करताना घडविलेली प्राचल-विचरणाची पद्धती ती हीच.

२. प्राचल-विचरण

समघाती समीकरणाची उत्तरे य१ आणि य२ असोत. त्यांचे सर्वसाधारण उत्तर ‘स१ य१ + स२ य२’ असे असते व त्यात स१, स२ हे स्थिरांक असतात. लाग्रांज यांची कल्पना अशी, की उजवी बाजू आल्यावर या स्थिरांकांनाच क्षबरोबर बदलू द्यावे. फले दोन आणि समीकरण एक, म्हणून एक अट आपल्या मर्जीने घालण्यास मोकळीक राहते. ती अट अशी घालावी:

स१′ य१ + स२′ य२ = ०

यामुळे य′ मध्ये स१, स२ यांचे विकलज उरत नाहीत. पुन्हा विकलन करून मूळ समीकरणात ठेवले असता, य१ व य२ समघाती समीकरणाची उत्तरे असल्यामुळे बहुतेक पदे नाहीशी होतात व एवढेच शिल्लक राहते:

स१′ य१′ + स२′ य२′ = र

या दोन एकघाती समीकरणांचा निश्चयक व = य१ य२′ − य२ य१′ हा होय; तो व्रॉन्स्की यांच्या नावाने ओळखला जातो. त्यावरून,

स१′ = −य२ र ÷ व,  स२′ = य१ र ÷ व

यापुढे केवळ संकलन उरते. निश्चयकाविषयी आबेल यांनी दाखविलेला संबंधही ध्यानात ठेवावा: व′ = −ग व. म्हणजे उत्तरे ठाऊक नसतानाही निश्चयक क्षबरोबर कसा बदलतो, हे केवळ ग या सहगुणकावरून कळते.

३. ध्वनिमार्गाचे समीकरण

छेद बदलत जाणाऱ्या नळीतील ध्वनिदाबाचे समीकरण १९१९ मध्ये वेब्स्टर यांनी प्रसिद्ध केले. त्याची मुळे बर्नुली, ऑयलर व लाग्रांज यांच्या काळापर्यंत जातात. चिबा व काजियामा यांचा १९४१ चा स्वरविषयक ग्रंथ आणि फांट यांचा १९६० चा ग्रंथ यांनी ध्वनिमार्गाकडे बदलत्या छेदाची नळी म्हणून पाहण्याची दृष्टी स्वनविज्ञानात दृढ केली. एका ठरावीक वारंवारतेसाठी वेब्स्टर यांचे समीकरण असे लिहिता येते:

(अ प′)′ + न अ प = उ

क्ष हे कंठद्वारापासूनचे अंतर, प हा दाब, अ हे त्या ठिकाणचे छेदक्षेत्रफळ, न हा त या तरंगांकाचा वर्ग, आणि उ हे उगमाचे पद. अ ने भागले असता ग = अ′ ÷ अ असे दिसते. जिभेची ठेवण बदलली की हा सहगुणक बदलतो. सहगुणकांचे चलत्व येथे साक्षात उच्चारणच होय.

आबेल यांच्या संबंधावरून अ व हा गुणाकार संपूर्ण नळीभर स्थिर राहतो. त्याला क म्हणू. य१ हे कंठद्वाराची अट पाळणारे उत्तर निवडावे (बंद टोक, म्हणून य१′ शून्य), आणि य२ हे ओठांची अट पाळणारे (उघडे टोक, म्हणून य२ शून्य). मग दोन्ही टोकांच्या अटींमुळे ओठांपाशी स१ आणि कंठद्वारापाशी स२ शून्य होतात, आणि ओठांतून बाहेर पडणारा प्रवाह पुढील राशीच्या प्रमाणात येतो:

(य१ × उ यांचे कंठद्वारापासून ओठांपर्यंतचे संकलन) ÷ क

या अपूर्णांकात सर्व प्रतिपाद्य सामावले आहे. ज्या वारंवारतांना क शून्य होतो तेथे अनुनाद, म्हणजे फॉर्मंट, मिळतात. क उगमावर अवलंबून नाही. तो केवळ नळीच्या आकारावर व टोकांच्या अटींवर ठरतो. अंशात मात्र उगमाचे स्थान शिरते. अंश शून्य झाला तर त्या वारंवारतेचा ध्वनी बाहेर पडत नाही. हा प्रति-अनुनाद होय.

४. दोन उदाहरणे

सर्वत्र सारख्या छेदाच्या, ल लांबीच्या नळीत य१ = कोज्या(त क्ष) आणि य२ = ज्या(त(ल − क्ष)). त्यामुळे क = −अ त कोज्या(त ल). लांबी १७.५ सेंटिमीटर व ध्वनिवेग सेकंदाला ३५० मीटर घेतल्यास अनुनाद ५००, १५००, २५०० हर्ट्झ असे येतात.

आता तितक्याच लांबीचा शंकू घ्यावा. त्याचे टोक कंठद्वारापाशी असून छेदक्षेत्रफळ क्षच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. सहगुणक चल आहेत, तथापि प = फ ÷ क्ष हे आदेशन केले की समघाती समीकरण फ″ + न फ = ० असे अचल सहगुणकांचे होते. टोकाशी दाब सान्त राहावा म्हणून य१ = ज्या(त क्ष) ÷ क्ष, आणि य२ = ज्या(त(ल − क्ष)) ÷ क्ष. येथे क हा −त ज्या(त ल) च्या प्रमाणात असून अनुनाद १०००, २०००, ३००० हर्ट्झ असे येतात. लांबी तीच, आकार बदलताच सर्वात खालचा अनुनाद दुप्पट झाला.

५. उगमाचे स्थान

घर्षकांत दातांसारख्या अडथळ्यावर हवा आदळून दाबाचा उगम निर्माण होतो. अशा उगमासाठी उ = (अ द)′ असे लिहावे लागते; द हा एकक लांबीमागील उगमदाब होय. खंडशः संकलन केल्यावर अंशात अ य१′ × द हे संकलन ऋण चिन्हासह येते. उगम एकाच बिंदूपाशी असेल तर य१′ त्या बिंदूशी शून्य होताच ध्वनी लुप्त होतो. सारख्या छेदाच्या नळीत उगम कंठद्वारापासून १४ सेंटिमीटरवर मानल्यास पहिला प्रति-अनुनाद १२५० हर्ट्झला येतो. उगम पुढेमागे सरकविला की अनुनाद तसेच राहतात, हा प्रति-अनुनाद मात्र सरकतो.

म्हणून वर्णपटातील रिकामी जागा हा ध्वनिमुद्रणाचा दोषच असला पाहिजे, असे मानू नये. ती उगमस्थानाची खूण असू शकते. प्रत्यक्ष ‘स’ व ‘श’ मध्ये अडसर फार अरुंद असतो. त्यामुळे त्याच्या मागील पोकळीचे अनुनाद व प्रति-अनुनाद जवळजवळ एकमेकांना छेदून जातात, आणि वर्णपटावर पुढील पोकळीचे प्राबल्य राहते. ‘स’ची पुढील पोकळी आखूड असल्याने त्याची ऊर्जा ‘श’पेक्षा उच्च वारंवारतांना एकवटते.

एक मर्यादा सांगणे अवश्य आहे. वेब्स्टर यांचे समीकरण लहर नळीच्या लांबीनेच प्रवास करते असे मानते. सुमारे ४,००० ते ५,००० हर्ट्झच्या पुढे हे गृहीतक ढिले पडते, आणि ‘स’ची बरीच ऊर्जा नेमकी तेथेच असते. त्या पट्ट्यात वरील सूत्राचे आकडे प्रमाण मानू नयेत. परंतु आकार छेदात आणि उगम अंशात, हा विवेक विद्यार्थ्याने कोणताही वर्णपट वाचण्यापूर्वी मनाशी पक्का करावा.