संगणकाचा वेग

मुलांनो, खेळांसाठी लागणारा वेगवान संगणक सुटे भाग निवडून घरीही जोडता येतो. प्रोसेसर हा संगणकाचा मेंदू. कंपनीने ठरवलेल्या वेगापेक्षा तो जास्त वेगाने चालवणे म्हणजे ‘ओव्हरक्लॉकिंग’.

१९९८ साली इंटेल कंपनीचा सेलेरॉन ३००ए हा स्वस्त प्रोसेसर बाजारात आला. मदरबोर्ड घड्याळाप्रमाणे ठोके देतो. हा प्रोसेसर त्याच्या साडेचारपट वेगाने चाले. ठोके ६६ मेगाहर्ट्झ असले, की वेग ३००. ते १०० केले, की ४५०! पण त्यासाठी मदरबोर्ड आणि मेमरीही तेवढ्याच वेगाची लागे.

वेग वाढला, की उष्णता वाढते. ती बाहेर टाकणारा चांगला पंखा नसेल, तर संगणक मध्येच बंद पडतो. म्हणून सारे पैसे एकट्या प्रोसेसरवर खर्चू नयेत. सर्व भाग एकमेकांना साजेसे निवडावेत.