तापणाऱ्या यंत्रांचे दशक

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नियमित सांभाळ थांबवला, आणि नव्या आवृत्तीच्या अटींत न बसणारे परंतु कामास सर्वथा समर्थ असे असंख्य लॅपटॉप एका फर्मानासरशी बाद ठरले. त्यांपैकी कित्येकांवर आता लिनक्स बसवले जात आहे, ही समाधानाची गोष्ट होय. परंतु त्यापाठोपाठ वीस वर्षांपूर्वीची तक्रारही पुन्हा कानी येऊ लागली आहे, की लिनक्स घातल्यापासून लॅपटॉप तापतो, पंखा थांबत नाही, मांडीवर ठेववत नाही. तक्रार जुनी असली तरी तिचे उत्तर मात्र पालटले आहे. त्या काळी जाणता मनुष्य प्रथम तापमान विचारी, मग प्रोसेसर, मग कर्नलची आवृत्ती. आज क्षणाचाही विचार न करता ‘नवा घ्या’ असे सांगितले जाते. हा सल्ला मला लागला, आणि या तापाचा इतिहास मांडणे आवश्यक वाटले.

आरंभीच्या वर्षांविषयी फारसे सांगण्यासारखे नाही. १९९१ साली लिनस टॉरवाल्ड्स यांनी आपले कर्नल प्रसिद्ध केले, नव्वदच्या दशकात ‘पीसीक्वेस्ट’ मासिकाच्या सीडींमधून ते आपल्याकडच्या हौशी लोकांपर्यंत पोचले, आणि मेजावरच्या ऐसपैस डब्यात ते चालत असल्यामुळे उष्णतेची विवंचना कोणाला नव्हती. पुढच्या कलहाचे बीज मात्र याच काळात पेरले गेले. डिसेंबर १९९६ मध्ये इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी एसीपीआय ही संहिता प्रसिद्ध केली, आणि वीज व तापमान यांची मुखत्यारी बायोसकडून काढून कार्यप्रणालीकडे सोपवली. पंखा केव्हा फिरवायचा, यंत्र केव्हा निजवायचे, याचे नियम निर्मात्याने एका तक्त्यात लिहून द्यायचे आणि कार्यप्रणालीने ते पाळायचे, अशी ती व्यवस्था होती. व्यवस्था उत्तम होती. तिच्या अंमलात सचोटी राहिली नाही.

मला सविस्तर सांगायचे आहे ते २००४ ते २०१४ या दशकाविषयी. ऑक्टोबर २००४ मध्ये उबुंटूची पहिली आवृत्ती निघाली, मागणी नोंदवताच तिच्या सीडी टपालाने विनामूल्य घरपोच येऊ लागल्या, आणि नेमक्या त्याच सुमारास मध्यमवर्गीय घरांत हप्त्यांवर घेतलेला पहिला लॅपटॉप शिरत होता. पुण्यात लिनक्स वापरणाऱ्यांचा ‘प्लग’ हा गट होता, सिंबायोसिसच्या आवारात ‘ग्नूनिफाय’ भरे, आणि तेथे अनोळखी विद्यार्थ्याचा तापलेला लॅपटॉप हाती घेऊन त्याची चिकित्सा करणे हे ज्येष्ठांना आपले कर्तव्य वाटे. त्या चिकित्सेत वारंवार आढळे ते असे, की निर्मात्याने तो तक्ता केवळ विंडोजवर तपासलेला असून, समोर दुसरी प्रणाली आली की तो अपुरी अथवा चुकीची माहिती देई. मग लोक तो तक्ता उलगडत, त्यातील प्रमाद दुरुस्त करत, आणि शुद्ध केलेली प्रत कर्नलला देत. ज्या कामाचा मोबदला निर्मात्याने ग्राहकाकडून आधीच घेतला होता, ते काम ग्राहकच फुकट करत होता. अखेरीस ‘लिनक्स’ या नावाला तक्ते धड उत्तर देत नाहीत म्हणून कर्नलला त्यांच्यापुढे आपण विंडोज असल्याचे सांगण्याची वहिवाट स्वीकारावी लागली.

हा सारा निष्काळजीपणाच होता असेही म्हणवत नाही. अमेरिकेतील आयोवा राज्यात मायक्रोसॉफ्टविरुद्ध चाललेल्या खटल्यात १९९९ सालचे बिल गेट्स यांचे एक पत्र दाखल झाले आहे, ज्यात आपण व आपल्या भागीदारांनी एसीपीआयवर केलेल्या कामाचा लाभ लिनक्सला विनासायास मिळावा हे त्यांना खेदाचे वाटते, आणि ही व्यवस्था विंडोजपुरती राखता येईल का, असा विचार ते मांडतात. त्या पत्रावर पुढे कोणती कार्यवाही झाली याचा निवाडा मी करत नाही. परंतु हमीच्या मुदतीत असलेल्या लॅपटॉपचा घासणारा पंखा घेऊन मी दुरुस्ती केंद्रात गेलो असता, त्यात लिनक्स आहे एवढ्याच कारणावरून तो उघडून पाहण्यासही तेथे नकार मिळाला, तेव्हा ही वृत्ती किती खालपर्यंत झिरपली होती याचा दाखला मला मिळाला.

दोष केवळ निर्मात्यांचा होता असे म्हणणे मात्र सत्याला सोडून होईल. कर्नलची २.६ ही मालिका आरंभी प्रोसेसरला सेकंदाला १००० वेळा जागे करी, आणि त्यामुळे काम नसतानाही त्याला गाढ विश्रांती मिळत नसे. २००७ च्या एप्रिलमध्ये निघालेल्या २.६.२१ या आवृत्तीत ही अखंड टकटक थांबवण्याची सोय झाली, आणि पुढच्याच महिन्यात इंटेलने ‘पॉवरटॉप’ हे साधन खुले केले, जे प्रोसेसरची झोप कोणता कार्यक्रम किती वेळा मोडतो हे नावानिशी सांगे. त्या यादीत स्वतःच्या कार्यक्रमाचे नाव पाहून किती तरी कारागिरांनी तो मुकाट्याने सुधारला. दोष उघड मांडायचा आणि तो ज्याचा असेल त्याने निस्तरायचा, हा त्या काळाचा शिरस्ता होता, आणि आज त्याचीच उणीव मला सर्वांत अधिक जाणवते.

२०११ साली २.६.३८ या कर्नलने, आणि त्यावर उभारलेल्या उबुंटू ११.०४ ने, पुष्कळ लॅपटॉपांचा विजेचा खर्च एकाएकी वाढवला. कारण असे, की पीसीआय एक्सप्रेस मार्गिकांची वीजबचत आपल्याला मान्य नाही असे अनेक बायोस जाहीर करत आणि प्रत्यक्षात ती चालू ठेवत. कर्नल त्या जाहीर वचनावर विश्वास ठेवून बचत बंद करी. मॅथ्यू गॅरेट यांनी विंडोजचे वर्तन तपासून बायोसची मूळ मांडणी तशीच राहू देणारा बदल केला, आणि तो २०१२ च्या ३.३ या आवृत्तीत आला. याहून दाहक प्रकरण ग्राफिक्सचे. २०१० पासून एनव्हिडियाच्या ऑप्टिमस पद्धतीचे, दोन ग्राफिक्स चिपांचे लॅपटॉप आले. लिनक्सवर त्यांतील दुसरी चिप निष्कारण जागी राहून वीज खाई, आणि ती बंद करण्यासाठी ‘बंबलबी’सारखे प्रकल्प स्वयंसेवकांना उभारावे लागले. जून २०१२ मध्ये फिनलंडमधील आल्टो विद्यापीठात टॉरवाल्ड्स यांनी त्या कंपनीवर जाहीरपणे जो संताप व्यक्त केला, तो आम्हा सर्वांचा होता. उलट एएमडीने २००७ पासून आपल्या चिपांची कागदपत्रे खुली करण्यास आरंभ केला, आणि त्याची परिणती म्हणून २०१३ च्या ३.११ या कर्नलमध्ये रेडिऑन चिपांचा वेग व विद्युतदाब गरजेनुसार उतरवण्याची सोय आली. दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात उष्णता वाढते, म्हणून दाब थोडा उतरला तरी चिप पुष्कळ निवते. जेथे दस्तऐवज खुले झाले तेथे ताप उतरला, हा त्या दशकाचा ताळेबंद आहे.

या तापात आपल्या हवामानाचाही वाटा होता. बहुतेक लॅपटॉपांच्या माहितीपत्रकात भोवतालच्या हवेची मर्यादा ३५ अंश लिहिलेली असते, आणि नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे जातो. धुळीने पंख्याची जाळी बुजते, प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट वाळते, आणि दोष मात्र नुकत्याच बसवलेल्या लिनक्सच्या माथी येतो. पुण्याच्या तपकीर गल्लीतील पेस्टच्या एका ट्यूबने निवालेले लॅपटॉप मी पाहिले आहेत.

त्यानंतरच्या वर्षांत ‘थर्मल्डी’ आणि ‘टीएलपी’ यांसारखी साधने स्थिरावली, प्रोसेसरचा वेग सांभाळणारे गव्हर्नर शहाणे झाले, आणि सामान्य लॅपटॉप लिनक्सवर निमूटपणे गार राहू लागला. परंतु अलीकडे निर्मात्यांनी ‘एस-३’ ही जुनी, खरीखुरी निद्रा अनेक लॅपटॉपांतून काढून टाकली आहे, आणि तिच्या जागी आलेल्या अर्धवट निद्रेत बॅगेत ठेवलेला लॅपटॉप तापून निघतो. हे विंडोजवरही घडते. ग्राहकांनी आवाज उठवल्यावर २०१८ मध्ये लेनोवोने आपल्या थिंकपॅड एक्स-१ कार्बनच्या बायोसमध्ये जुन्या निद्रेचा पर्याय ‘लिनक्स’ या नावाने परत दिला, यावरून संघटित आग्रह निष्फळ जात नाही हे सिद्ध होते. तो आग्रह धरणारे मेळावे मात्र विरळ झाले, आणि तापलेले यंत्र उघडून पाहणाऱ्याला आता वेळ वाया घालवणारा समजतात.

म्हणून वाचकांना विनंती अशी, की लिनक्स बसवलेला जुना लॅपटॉप तापत असेल तर त्याला मोडीत काढण्यापूर्वी काम नसतानाचे तापमान सेन्सर्सवर पाहावे, कोणता कार्यक्रम प्रोसेसरला राबवतो ते शोधावे, दुसरे ग्राफिक्स कार्ड निष्कारण जागे आहे का ते तपासावे, आणि जाळीतील धूळ काढून पेस्ट बदलावी. एवढे करूनही नवे यंत्र घेणे भागच पडले, तर त्यावर लिनक्स चालवण्याची हमी निर्माता देतो का आणि त्यात जुनी निद्रा आहे का, हे दोन प्रश्न पैसे मोजण्यापूर्वी दुकानदाराला अवश्य विचारावेत.