दुरुस्त झालेला जुना कॅमेरा घ्यावा का? विहार समित्या आणि युवक मंडळांसाठी काही कसोट्या

१४ एप्रिल जवळ आला की अनेक वस्त्यांमध्ये एक विषय हमखास निघतो. मिरवणुकीचे, व्याख्यानाचे, धम्मदीक्षेच्या कार्यक्रमाचे फोटो दरवर्षी भाड्याच्या फोटोग्राफरकडून काढून घेण्यापेक्षा मंडळाचा स्वतःचा कॅमेरा का असू नये? नवा कॅमेरा वर्गणीत बसत नाही. मग कोणीतरी सांगतो, ओळखीचा एकजण जुना डीएसएलआर विकतोय, स्वस्तात देतोय, फक्त एकदा रिपेअर झालाय. या "फक्त"पाशी समिती अडते. अर्धे म्हणतात घेऊन टाका, अर्धे म्हणतात रिपेअरची वस्तू नकोच.

कॅमेऱ्याची गरज खरी आहे. ७ डिसेंबर १९५६ रोजी मुंबईत निघालेल्या बाबासाहेबांच्या अंत्ययात्रेचे चित्रीकरण नामदेव व्हटकर यांनी केले, म्हणून तो जनसागर आज आपण डोळ्यांनी पाहू शकतो. आपल्या चळवळीची नोंद दुसरे कोणी ठेवेल या भरवशावर आपण राहू शकत नाही. पण कॅमेरा ज्या पैशातून येतो तो रोजंदारीवर जाणाऱ्या माणसांनी दिलेला असतो. म्हणून निर्णय अंदाजाने नको, तपासून हवा. कुणी सांगतो म्हणून मानू नका, स्वतः पडताळून पाहा, ही कालाम सुत्तातील भगवान बुद्धांची शिकवण इथेही तितकीच लागू आहे.

दुरुस्ती म्हणजे दोष नव्हे

पहिला गैरसमज दूर करू. दुरुस्त झालेला प्रत्येक कॅमेरा वाईट नसतो. कधी कधी दुरुस्त झालेलाच अधिक चांगला असतो.

निकॉनचा डी६०० हा कॅमेरा २०१२ साली आला. वापरताना त्याच्या सेन्सरवर धुळीचे व तेलाचे ठिपके पडतात, अशी तक्रार सर्वत्र झाली. २०१४ मध्ये कंपनीने वॉरंटी संपलेल्या कॅमेऱ्यांचीही मोफत तपासणी, सफाई आणि शटर बदलून देण्याची सोय केली. आज जुन्या बाजारात दोन डी६०० समोर असतील, एकाचे शटर कंपनीने बदललेले आणि दुसरा "कधी उघडलेलाच नाही" असा, तर पहिला घेणे शहाणपणाचे. डी७५० च्या काही नगांमध्येही शटरचा दोष निघाला होता आणि २०१५ मध्ये कंपनीने ते नग मोफत दुरुस्त करून दिले.

म्हणून "रिपेअर झालाय का?" एवढाच प्रश्न पुरेसा नाही. काय बिघडले, का बिघडले, कोणी दुरुस्त केले आणि त्याचा कागद आहे का, हे चार प्रश्न विचारा.

कोणती दुरुस्ती चालेल, कोणती नाही

शटर हा झिजणारा भाग आहे, जसा गाडीचा क्लच. कॅनन ६डी च्या शटरचे आयुष्य कंपनीने सुमारे १ लाख क्लिक धरले आहे, निकॉन डी७५० चे सुमारे दीड लाख. त्याआधीही ते जाऊ शकते किंवा त्यानंतरही चालू शकते. झिजलेले शटर चांगल्या ठिकाणी बदलले असेल तर घाबरायचे कारण नाही. ग्रिपचे रबर, मागचा स्क्रीन, बटणे, फ्लॅशचा सांधा यांची दुरुस्तीही सहसा चालण्यासारखी असते.

पडल्यामुळे झालेल्या दुरुस्तीत सावध राहा. जिथे लेन्स बसते तो माउंट किंचित वाकला तरी फोटोची एक बाजू स्पष्ट आणि दुसरी धूसर येते. आरसा किंवा सेन्सर काढून पुन्हा बसवला असेल आणि जुळणी नीट झाली नसेल, तर फोकस डोळ्यांवर धरला तरी कानावर पडतो.

पाण्यात भिजलेला कॅमेरा मात्र घेऊच नका. आज तो चालेल, पण आतल्या सर्किटवर चढलेला गंज हळूहळू पसरतो आणि काही महिन्यांनी ऐन कार्यक्रमात कॅमेरा बंद पडतो. त्यात समुद्राचे खारे पाणी सगळ्यात वाईट.

हातात घेऊन करायची तपासणी

मुंबईत फोर्टमधल्या बोरा बाजाराच्या आसपास घ्या, आपल्या शहरातील दुकानात घ्या किंवा घरगुती विक्रेत्याकडून घ्या, पैसे देण्याआधी अर्धा तास मागून घ्या. जाताना स्वतःचे मेमरी कार्ड, एक वर्तमानपत्र आणि शक्य असल्यास लॅपटॉप न्या.

१. तळाचे स्क्रू पाहा. त्यांच्या खाचा घासलेल्या असतील तर कॅमेरा उघडलेला आहे. विक्रेता "उघडलाच नाही" म्हणत असेल तर तिथेच थांबा.

२. लेन्सचे छिद्र एफ १६ वर ठेवून पांढऱ्या भिंतीचा किंवा मोकळ्या आकाशाचा फोटो काढा आणि मोठा करून पाहा. काळे ठिपके म्हणजे सेन्सरवरची धूळ. ती साफ होते. पण साफ करूनही न जाणारा डाग किंवा रेघ असेल तर कॅमेरा परत द्या.

३. उजेडातल्या भिंतीचे १/४००० सेकंदावर दहा-बारा फोटो काढा. एखाद्या फोटोत एका कडेला काळसर पट्टा दिसला तर शटर थकले आहे.

४. वर्तमानपत्र टेबलावर पसरा, तिरक्या कोनातून मधल्या ओळीवर फोकस धरा आणि फोटो काढा. तीच ओळ स्पष्ट यायला हवी. पुढची किंवा मागची ओळ स्पष्ट आली तर जुळणी बिघडली आहे. ही चाचणी दोन वेगवेगळ्या लेन्सवर करा, म्हणजे दोष बॉडीत आहे की लेन्समध्ये ते कळेल.

५. शटर काउंट पाहा. निकॉनच्या मूळ फोटो फाइलमध्ये तो नोंदलेला असतो आणि संगणकावर वाचता येतो. कॅननच्या बहुतेक कॅमेऱ्यांत केबल जोडून सॉफ्टवेअरने पाहावा लागतो. शटर बदलले तरी हा आकडा आपोआप शून्य होतोच असे नाही, म्हणून आकडा आणि दुरुस्तीचे बिल एकत्र ठेवूनच वाचा.

६. लेन्समधून टॉर्चचा उजेड पाहा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ते फंगस. कोकणात आणि मुंबईच्या दमट हवेत ते लवकर धरते.

७. मिरवणुकीत वापरलेल्या कॅमेऱ्याच्या बटणांत आणि चाकांत गुलालाची पूड बसलेली असते. प्रत्येक बटण दाबून, प्रत्येक चाक फिरवून पाहा.

किमतीचा हिशेब

समजा असाच न उघडलेला कॅमेरा ४२ हजारांना मिळतो आणि दुरुस्त झालेला ३५ हजारांना. फरक ७ हजारांचा. आता सर्व्हिस सेंटरला फोन करून त्या मॉडेलचे शटर बदलायला किती लागतील आणि सुटे भाग अजून मिळतात का, हे विचारा. खर्च १० हजार सांगितला आणि कॅमेऱ्याची दुरुस्ती बेभरवशाची असेल, तर तो ३५ हजारांचा सौदा स्वस्त नाही. सुटे भागच मिळत नसतील तर किंमत आणखी कमी धरा. तेच शटर कंपनीने बदललेले असून बिल हातात असेल, तर ३५ हजार चांगली किंमत आहे.

कागद आणि कबुली

मूळ बिल, दुरुस्तीचे बिल आणि विक्रेत्याच्या सहीचा साधा विक्री-कागद घ्या. त्यावर बॉडीचा सीरियल नंबर आणि झालेली दुरुस्ती लिहून घ्या. पैसे शक्यतो बँकेतून द्या. चोरीचा माल नकळत घेतला तरी मनस्ताप मंडळालाच होतो. तपासणी करताना समितीचे किमान दोघे हजर असावेत आणि निर्णय इतिवृत्तात नोंदवावा. वर्गणी देणाऱ्या आईने उद्या विचारले, तर दाखवायला कागद हवा.

आणि पुढे कधी हाच कॅमेरा आपण विकला, तर त्याची दुरुस्ती लपवू नका. पंचशीलातील चौथे शील फक्त विहारात म्हणण्यासाठी नाही. घेताना आपण ज्या खऱ्या उत्तराची अपेक्षा केली, तेच उत्तर विकताना दुसऱ्याला द्यायचे आहे.

थोडक्यात, झालेल्या दुरुस्तीला भिऊ नका, लपवलेल्या दुरुस्तीला भ्या. चारही प्रश्नांची उत्तरे मिळाली, चाचण्या पार पडल्या आणि हिशेब जुळला, तर तो कॅमेरा जरूर घ्या आणि येत्या जयंतीपासून आपल्या वस्तीचा इतिहास आपणच टिपायला लागा.

जय भीम! नमो बुद्धाय!