कॉन्व्हेंटमधली प्रार्थना कोणाची?

खानदेशात ‘कॉन्व्हेंट’ या शब्दाचा मूळ अर्थ केव्हाच मागे पडला. कॉन्व्हेंट म्हणजे धर्मभगिनींचा मठ. पण आपल्याकडे पोरगा कॉन्व्हेंटला जातो म्हणजे टाय बांधून इंग्रजी शाळेत जातो, एवढाच त्याचा अर्थ. ज्या आवारात एकही सिस्टर कधी फिरकली नाही, त्या शाळेच्या पाटीवरही हा शब्द दिमाखात झळकतो. त्याला उसनवारी म्हणावे की गौरव, हे ज्याचे त्याने ठरवावे. नुकसान मात्र एक झाले. धुळ्याचे कनोसा, जळगावचे सेंट जोसेफ, भुसावळचे सेंट अलॉयसियस या खरोखरीच्या कॅथलिक शाळांकडेही आपण इंग्रजीचे दुकान म्हणूनच पाहू लागलो.

या शाळांत कॅथलिक मुले किती? २०११ च्या जनगणनेत जळगाव जिल्ह्याची लोकसंख्या ४२ लाख, धुळ्याची २० लाखांवर. महाराष्ट्रातच ख्रिस्ती समाज एक टक्क्याच्या आत. खानदेशात त्याहून कमी, आणि त्यातले प्रॉटेस्टंट मिशनचे लोक पुन्हा वेगळे. भुसावळची गोष्ट थोडी निराळी होती. जीआयपी रेल्वेने या गावाचे जंक्शन केले आणि इंजिनांबरोबर अँग्लो-इंडियन व गोवेकर कुटुंबेही आली. स्वातंत्र्यानंतर त्यांतली कितीतरी देश सोडून गेली. आज वर्गाच्या हजेरीपटावर पाटील, चौधरी, महाजन, शेख, तडवी हीच नावे असायची. नाताळच्या नाटिकेत योसेफाची दाढी लावायला यांच्यातलाच कोणीतरी उभा राहतो!

म्हणजे श्रद्धा चालवणाऱ्यांची आणि मुले दुसऱ्यांची. हे जमते कसे?

राज्यघटनेने याची वाट आखून दिली आहे. कलम ३० ने अल्पसंख्याकांना स्वतःच्या शाळा काढण्याचा व चालवण्याचा हक्क दिला. कलम २८ ने सांगितले की, सरकारी मान्यता वा अनुदान असलेल्या शाळेत कोणालाही धर्मशिक्षणाची वा उपासनेची सक्ती करता येणार नाही. मूल अज्ञान असेल तर पालकांची संमती हवी. म्हणून अशा शाळांत सहसा कॅथलिक मुलांना धर्मशिक्षण आणि बाकीच्यांना ‘मॉरल सायन्स’ अशी विभागणी असते. प्रार्थना मात्र सगळ्यांची एकत्र. घरी आजीशी अहिराणीत बोलणारे पोर सकाळी हात जोडून, डोळे मिटून इंग्रजीत देवाचे आभार मानते आणि संध्याकाळी देवापुढे ‘शुभं करोति’ म्हणते. श्रावणात कानबाईच्या रोटांचा प्रसाद खाते. त्याच्या मनात या देवांची भांडणे होत नाहीत. ती मोठ्यांच्या मनात होतात.

अर्थात शाळेने रोज प्रार्थनेला उभे करावे, ही खानदेशाला नवी गोष्ट नाही. साने गुरुजी १९२४ ते १९३० अमळनेरच्या शाळेत शिक्षक होते आणि तिथले वसतिगृहही सांभाळत. मुलांच्या खोल्या झाडाव्यात, त्यांचे कपडे धुवावेत, त्यांच्यासाठी दैनिक लिहावे, हा त्यांचा धर्म. मुलांना धर्म कळला तो त्यातून.

कनोसा या नावामागेही अशीच एक गोष्ट आहे आणि ती पालकांपैकी फार थोड्यांना ठाऊक असते. मॅग्दालिन ही इटलीतल्या व्हेरोना शहरातल्या कनोसा या सरदार घराण्यातली मुलगी. १८०८ मध्ये तिने वाडा सोडला, सान झेनो या गरीब वस्तीत जाऊन राहिली आणि तिथल्या मुलींसाठी शाळा काढली. तिच्या पंथाच्या भगिनी १८८९ मध्ये कोचीनला उतरल्या. १९८८ मध्ये ती संत म्हणून घोषित झाली. वस्तीतल्या मुलींपासून सुरू झालेल्या या परंपरेच्या शाळेत आज वस्तीतल्या मुलींना जागा किती, हा प्रश्न मला प्रार्थनेच्या प्रश्नापेक्षा मोठा वाटतो.

कारण कायदा इथे मदतीला येत नाही. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने खासगी शाळांना पहिल्या वर्गातल्या २५ टक्के जागा दुर्बल घटकांसाठी ठेवायला लावल्या. मात्र २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने अल्पसंख्याक शाळांना या कायद्यातून वगळले. सप्टेंबर २०२५ मध्ये त्याच न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी त्या निर्णयाविषयी शंका घेऊन मुद्दा मोठ्या पीठाकडे जावा असे म्हटले. तिकडे काय व्हायचे ते होवो. अल्पसंख्याकांच्या हक्कावर घाला येऊ नये, असे मलाही वाटते. पण हा हक्क ज्या श्रद्धेच्या नावाने मिळाला, ती श्रद्धा प्रवेशाच्या यादीत दिसली पाहिजे. चर्चमध्ये मिस्सेला येणाऱ्या गरीब कुटुंबाचे मूल फीअभावी जिल्हा परिषदेच्या शाळेत बसत असेल, तर कॅथलिक शाळा म्हणजे नेमके काय, असे त्या बापाने कोणाला विचारावे?

आणि सगळा दोष सिस्टरांच्या पदरात टाकून आपल्याला मोकळे होता येणार नाही. शिस्त हवी, इंग्रजी हवे, सिस्टरांची माया हवी, त्यांचा धर्म तेवढा नको, अशी आपली मागणी. उद्या शाळेने ठरवून हमालाची, धुणेभांडी करणाऱ्या बाईची मुले दर वर्गात आणून बसवली, तर पुढच्या पालकसभेत पहिला हात कोणाचा वर होईल?